प्रोटॉनच्या संख्येवरून धातू ओळखायचा कसा? क्रमवार पद्धत आणि नेहमीच्या चुका

‘एका अणूचा वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज) ५६ आहे आणि त्यात ३० न्यूट्रॉन आहेत. मूलद्रव्य ओळखा.’ असा प्रश्न आला की बरेच जण थेट आवर्तसारणीत ५६ शोधतात, तिथे बेरिअम दिसतो आणि ते लिहून मोकळे होतात. उत्तर लोह आहे. ५६ हा त्या अणूचा वस्तुमानांक होता. त्यातून न्यूट्रॉन वजा केले की उरतात २६, आणि मूलद्रव्य ठरते ते या २६ वरून.

दुसरी चूक याहून चिवट. आकडा मोठा असला की तो धातूच असणार, असे अनेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. आयोडीनमध्ये ५३ प्रोटॉन असतात, तरी तो अधातू. लिथिअममध्ये फक्त ३, आणि तो चक्क चाकूने कापता येणारा धातू.

दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. इथे प्रश्न दोन असतात आणि आपण ते एका दमात सोडवू पाहतो. पहिला, मूलद्रव्य कोणते? याचे उत्तर प्रोटॉनची संख्या एकटी देते, अपवाद नाही. दुसरा, ते मूलद्रव्य धातू आहे का? याचे उत्तर त्या संख्येमुळे सारणीत मिळालेल्या जागेवरून काढावे लागते, आणि तिथे अपवाद आहेत. पहिला प्रश्न पूर्ण सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

## तयारी

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हे सात आकडे लिहून ठेवा: २, १०, १८, ३६, ५४, ८६, ११८. प्रत्येक आडव्या ओळीच्या, म्हणजे आवर्ताच्या, शेवटी येणाऱ्या मूलद्रव्यांचे हे अणुअंक, म्हणजे प्रोटॉनच्या संख्या. विसरलात तर परत तयार करता येतात: २ पासून सुरुवात करून ८, ८, १८, १८, ३२, ३२ मिळवत जायचे.

सारणी घ्याल ती १ ते १८ असे गण, म्हणजे उभे स्तंभ, छापलेली घ्या. जुन्या सारण्यांत गणांना रोमन आकडे आणि पुढे ‘ए’, ‘बी’ अशी अक्षरे असतात. दोन्ही पद्धती एकाच गणितात मिसळल्या की तेरावा गण तिसरा होऊन बसतो.

आता चौकटीतल्या आकड्यांकडे पाहा. प्रत्येक चौकटीत निदान दोन आकडे असतात. काही सारण्यांत अणुअंक वर असतो, काहींत खाली, म्हणून जागेवर विसंबू नका. दशांश चिन्ह असलेला आकडा म्हणजे सरासरी अणुवस्तुमान आणि पूर्णांक तो अणुअंक. एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. मात्र पोलोनिअम किंवा फ्रान्सिअमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या चौकटीत वस्तुमानही कंसात पूर्णांकातच दिलेले असते: पोलोनिअमला २०९, फ्रान्सिअमला २२३. दोन्ही पूर्णांक दिसले तर लहान तो अणुअंक.

## पायरी १: हातातला आकडा कशाचा आहे ते ठरवा

ही पायरी सारणी मिटून करायची. सारणी समोर उघडी असली की डोळा आपोआप त्या आकड्याच्या चौकटीकडे जातो आणि पुढचा विचारच थांबतो.

आकडा चारपैकी एक असू शकतो.

प्रोटॉनची संख्या किंवा अणुअंक थेट दिला असेल तर काम झाले. थेट पायरी ३ वर जा.

वस्तुमानांक दिला असेल तर तो प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज असतो. न्यूट्रॉनची संख्या सोबत दिली नसेल तर नुसत्या वस्तुमानांकावरून मूलद्रव्य ठरत नाही. वस्तुमानांक ४० असलेले तीन अणू निसर्गातच सापडतात: आरगॉन (१८ प्रोटॉन), पोटॅशिअम (१९) आणि कॅल्शिअम (२०). पहिला निष्क्रिय वायू आणि उरलेले दोन धातू. तिघांचे वस्तुमान जवळपास सारखे, पण गुणधर्मांत जमीनअस्मानाचा फरक.

सरासरी अणुवस्तुमान, म्हणजे दशांशातला आकडा दिला असेल तर तो सारणीतल्या अणुवस्तुमानांशी ताडून पाहा. पूर्णांकात बदलून अणुअंक म्हणून वापरू नका. वस्तुमानाचा चढता क्रम हाच अणुअंकाचा क्रम, असेही धरू नका. कोबाल्टचे अणुवस्तुमान ५८.९३ आणि निकेलचे ५८.६९, तरी कोबाल्टचा अणुअंक २७ आणि निकेलचा २८. आरगॉन (३९.९५) आणि पोटॅशिअम (३९.१०) या जोडीतही हाच उलटा क्रम दिसतो.

इलेक्ट्रॉनची संख्या दिली असेल तर आधी एक गोष्ट विचारा: अणू उदासीन आहे की आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा घेऊन प्रभारित झालेला? उदासीन असेल तर इलेक्ट्रॉन तेवढेच प्रोटॉन. आयन असेल तर पायरी २ करावीच लागेल.

सावधान: ‘वस्तुमान निम्मे केले की अणुअंक मिळतो’ ही युक्ती फार पसरली आहे. ती मॅग्नेशिअमला (२४ चे १२) आणि कॅल्शिअमला (४० चे २०) जमते, म्हणून लोक तिच्यावर विश्वास टाकतात. लोहाच्या ५६ चे निम्मे २८, म्हणजे निकेल. सोन्याच्या १९७ चे निम्मे साडेअठ्ठ्याण्णव! अणुकेंद्रक जड होत जाते तसे न्यूट्रॉनचे प्रमाण प्रोटॉनपेक्षा वाढत जाते, त्यामुळे कॅल्शिअमच्या पुढे ही युक्ती निकामी ठरते. सोडून द्या.

## पायरी २: आयन असेल तर हिशेब जुळवा

सूत्र एकच: प्रोटॉन = इलेक्ट्रॉन + प्रभार, आणि प्रभार त्याच्या चिन्हासकट घ्यायचा.

इलेक्ट्रॉन १० दिले आहेत असे समजा. त्या एका आकड्यामागे किती जण दडलेले असू शकतात ते पाहा:

- प्रभार −२: १० − २ = ८, ऑक्सिजन
- प्रभार −१: १० − १ = ९, फ्लुओरीन
- प्रभार ०: १०, निऑन
- प्रभार +१: १० + १ = ११, सोडिअम
- प्रभार +२: १० + २ = १२, मॅग्नेशिअम
- प्रभार +३: १० + ३ = १३, ॲल्युमिनिअम

सहाही जणांकडे दहाच इलेक्ट्रॉन, त्यांची मांडणीही तीच (२, ८). तरी तीन अधातू आणि तीन धातू. इलेक्ट्रॉन मोजून मूलद्रव्याला नाव देण्यात काय धोका आहे हे यावरून स्पष्ट व्हावे. इलेक्ट्रॉन येतात-जातात, रासायनिक अभिक्रियेत तेवढेच तर घडते. प्रोटॉन अणुकेंद्रकात असतात आणि कोणतीही रासायनिक अभिक्रिया तिथवर पोचत नाही. खिळ्यातल्या लोहात २६ प्रोटॉन, त्याच्यावर चढलेल्या गंजातल्या लोहातही २६.

इथे सर्वाधिक चुकते ते चिन्ह. धन प्रभार म्हणजे काहीतरी ‘जास्त’ झाले, म्हणून इलेक्ट्रॉन जास्त असतील, असा उलटा तर्क डोक्यात शिरतो आणि मिळवायच्या जागी वजाबाकी होते. लोहाच्या +३ आयनात २३ इलेक्ट्रॉन असतात. २३ मधून ३ वजा केले तर २० येतात आणि लोहाचा कॅल्शिअम होतो. प्रभार विसरून २३ हाच अणुअंक धरला तर व्हॅनेडिअम होतो. एकाच प्रश्नाची दोन चुकीची उत्तरे, आणि दोन्ही धातूच निघतात, त्यामुळे ‘धातू आला’ या समाधानात चूक लक्षातही येत नाही.

पडताळणी: धन आयनात प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा जास्तच आले पाहिजेत, ऋण आयनात कमीच. उलटे आले तर चिन्ह चुकले आहे.

## पायरी ३: आकड्याला नाव द्या

आता सारणी उघडा. प्रोटॉनची संख्या नेहमी पूर्णांक असते. साडेपंचवीस आले तर मागच्या दोन पायऱ्यांत कुठेतरी घोळ आहे, जवळच्या चौकटीत ढकलून देऊ नका. एका प्रोटॉनच्या फरकाने मूलद्रव्य बदलते: ७८ प्लॅटिनम, ७९ सोने, ८० पारा.

नावांत गल्लत होणारी जोडी म्हणजे मॅग्नेशिअम (१२) आणि मँगनीज (२५). संज्ञांमध्ये पोटॅशिअम आणि फॉस्फरसची अदलाबदल होते. पोटॅशिअमची संज्ञा ‘के’, आणि ‘पी’ ही फॉस्फरसची. लोह, सोने, चांदी, तांबे, शिसे, कथिल, पारा, सोडिअम यांच्या संज्ञाही नेहमीच्या इंग्रजी नावांवरून बनलेल्या नाहीत. त्या पाठच करून टाका, तर्काने सापडत नाहीत.

## पायरी ४: आवर्त आणि गण काढा

सारणी समोर असली तरी हे गणित हाताने करून पाहा. एक तर परीक्षेत सारणी मिळेलच असे नाही, आणि पुढच्या पायरीत नुसत्या नावापेक्षा जागा जास्त कामाला येते.

तयारीत लिहिलेल्या सात आकड्यांपैकी तुमच्या अणुअंकाहून लहान असलेला सर्वांत मोठा आकडा निवडा. तो अणुअंकातून वजा करा. उरते त्याला ‘बाकी’ म्हणू. निवडलेला आकडा यादीत कितवा आहे त्यात एक मिळवला की आवर्त मिळतो. (पहिल्या आवर्तात हायड्रोजन आणि हेलिअम दोघेच. त्यांना हे गणित लावू नका.)

बाकीवरून गण असा निघतो:

- दुसरा आणि तिसरा आवर्त: बाकी १ किंवा २ असेल तर तोच गण. बाकी ३ ते ८ असेल तर तीत १० मिळवा.
- चौथा आणि पाचवा आवर्त: बाकी हाच गण. काही करायचे नाही.
- सहावा आणि सातवा आवर्त: बाकी १ किंवा २ असेल तर तोच गण. ३ ते १७ असेल तर मूलद्रव्य खालच्या वेगळ्या दोन ओळींतले, म्हणजे लॅन्थॅनाइड किंवा ॲक्टिनाइड. १८ ते ३२ असेल तर तीतून १४ वजा करा.

शिसे घेऊ. अणुअंक ८२. त्याहून लहान सर्वांत मोठा आकडा ५४, तो यादीत पाचवा, म्हणून आवर्त सहावा. बाकी ८२ − ५४ = २८. त्यातून १४ गेले, उरले १४. सहावा आवर्त, चौदावा गण.

ॲल्युमिनिअम: १३ − १० = ३. तिसरा आवर्त, बाकी ३, म्हणून गण १३. जस्त: ३० − १८ = १२. चौथा आवर्त, गण १२.

सावधान: अणुअंक यादीतल्याच एखाद्या आकड्याएवढा असेल तर तो आकडा स्वतःतून वजा करायचा नाही. आरगॉनच्या १८ मधून १८ गेले की शून्य उरते आणि शून्य नावाचा गण या सारणीत नाही. १८ हून लहान असलेला १० घ्या. बाकी ८, गण १८.

दुसरी ठरलेली चूक ‘आठ मिळवत जा’ या सवयीची. लिथिअम ३, सोडिअम ११, पोटॅशिअम १९ इथवर आठ-आठचा फरक बरोबर जुळतो. मग लोक २७ लिहितात. २७ म्हणजे कोबाल्ट! पोटॅशिअमखाली रुबिडिअम येतो, त्याचा अणुअंक ३७. पहिल्या गणातले धातू ३, ११, १९, ३७, ५५, ८७ असे आहेत, म्हणजे फरक ८, ८, १८, १८, ३२. मधल्या गणांत तर सुरुवातच १८ ने होते: तांबे २९, चांदी ४७ आणि नंतर ३२ ची उडी मारून सोने ७९.

## पायरी ५: धातू, अधातू की धातुसदृश?

११८ मूलद्रव्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त धातू आहेत. त्यामुळे धातूंची यादी पाठ करणे म्हणजे उगाच मेहनत. जे धातू नाहीत ते लक्षात ठेवा.

अधातूंचे अणुअंक: १, २, ६, ७, ८, ९, १०, १५, १६, १७, १८, ३४, ३५, ३६, ५३, ५४, ८६.

धातुसदृशांचे, म्हणजे धातू आणि अधातू यांच्या मधले गुण असलेल्यांचे, अणुअंक: ५, १४, ३२, ३३, ५१, ५२.

एकूण तेवीस आकडे. तुमचा अणुअंक यांत नसेल तर मूलद्रव्य धातू, फक्त ८५ आणि शेवटचे काही आकडे बाजूला ठेवून. त्यांच्याकडे लगेच येऊ.

आकडे पाठ करायचे नसतील तर पायरी ४ मधली जागा वापरा. पहिल्या ते बाराव्या गणात हायड्रोजन सोडून सगळे धातू. लॅन्थॅनाइड आणि ॲक्टिनाइड, सगळे धातू. सतरावा आणि अठरावा गण आला की धातू म्हणून विचार करू नका. खरी कसोटी १३ ते १६ या चार गणांत लागते, कारण धातू आणि अधातू वेगळे करणारी नागमोडी रेषा तिथून जाते. त्या चार गणांत धातू कोणत्या आवर्तापासून सुरू होतात ते असे:

- गण १३: तिसऱ्या आवर्तापासून (ॲल्युमिनिअम)
- गण १४: पाचव्या आवर्तापासून (कथिल)
- गण १५: सहाव्या आवर्तापासून (बिस्मथ)
- गण १६: सहाव्या आवर्तापासून (पोलोनिअम)

रेषा अशी तिरकी का जाते ते चौदाव्या गणात नीट दिसते. कार्बन ६, सिलिकॉन १४, जर्मेनिअम ३२, कथिल ५०, शिसे ८२. पाचही जणांच्या बाह्यतम कवचात चारच इलेक्ट्रॉन. तरी पहिला अधातू, पुढचे दोन धातुसदृश आणि शेवटचे दोन धातू. प्रोटॉन वाढले म्हणजे केंद्रकाची ओढही वाढली, हे खरे. पण त्याबरोबर आतली कवचेही वाढली आणि बाहेरचे चार इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब गेले. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा कार्बनला मोलमागे १०८६ किलोज्यूल, सिलिकॉनला सुमारे ७८६, जर्मेनिअमला ७६२, कथिलाला ७०९ आणि शिशाला ७१६. इलेक्ट्रॉनवरची पकड ढिली झाली की ते शेजारच्या अणूंमध्ये मोकळे वावरतात, आणि चकाकी, विद्युतवहन हे धातुगुण तिथूनच येतात. शिशाचा आकडा कथिलापेक्षा किंचित जास्त आहे हेही ध्यानात ठेवा. गणात खाली जाताना ही ऊर्जा दर पायरीला कमीच होते, असा नियम छातीठोकपणे लिहू नये.

वादाचे आकडे: सेलेनिअम (३४) काही पुस्तकांत धातुसदृशांत दिसेल, पोलोनिअमही (८४) कधी कधी तिथेच. ॲस्टाटीन (८५) इतका अस्थिर आहे की त्याचा डोळ्यांना दिसेल एवढा तुकडाही कुणी पाहिलेला नाही, म्हणून त्याचे वर्गीकरण वेगवेगळे सापडते. अणुअंक १०० च्या बऱ्याच पुढे प्रयोगशाळेत मोजकेच अणू बनतात आणि क्षणात विघटित होतात. तिथे ‘धातू’ हा बराचसा अंदाज असतो. अभ्यासक्रमाचे पुस्तक ज्या गटात टाकते तो गट लिहा आणि पुढे चला. यावर वाद घालण्यात मजा आहे, गुण नाहीत.

आणखी एक भ्रम इथेच काढून टाकू. धातू म्हणजे घन आणि कठीण, ही कसोटी नव्हे. पारा (८०) साध्या तापमानाला द्रव असतो. गॅलिअम (३१) सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला तरी पुरे. उलट ग्रॅफाइट वीज वाहून नेतो, पण ६ प्रोटॉनचा कार्बन अधातूच. कथिलाचे प्रकरण तर आणखी गमतीचे: १३ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचे नेहमीचे पांढरे, धातुरूप स्थिर राहत नाही, ते हळूहळू करड्या भुकटीत बदलू शकते, आणि ही भुकटी धातूसारखी वागत नाही. प्रोटॉन दोन्ही रूपांत पन्नासच.

## पायरी ६: कवचांची मांडणी करून ताडून पाहा

ही पायरी पडताळणीची आहे, निर्णयाची नाही. उदासीन अणूचे इलेक्ट्रॉन कवचांत भरा आणि दोन गोष्टी पाहा: कवचांची संख्या म्हणजे आवर्त, आणि बाह्यतम कवचातले इलेक्ट्रॉन गणाशी जुळतात का.

पहिल्या कवचात जास्तीत जास्त २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८. हे पाठ असते म्हणूनच पुढची चूक होते: पोटॅशिअमची मांडणी २, ८, ९ अशी लिहिली जाते. बाह्यतम कवचात आठाहून जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत, म्हणून ती २, ८, ८, १. कॅल्शिअम २, ८, ८, २. एकविसाव्या मूलद्रव्यापासून पुढचे इलेक्ट्रॉन मागे, तिसऱ्याच कवचात भरले जातात आणि जस्तापर्यंत तेच चालते. लोह २, ८, १४, २. दोन ठिकाणी क्रम मोडतो: क्रोमिअम २, ८, १३, १ आणि तांबे २, ८, १८, १.

लोहाचा +२ आयन करताना इलेक्ट्रॉन काढायचे ते बाहेरच्या चौथ्या कवचातले. उरते २, ८, १४. शेवटी भरले गेलेले आधी निघतात असे समजून २, ८, १२, २ लिहिणारे पुष्कळ भेटतात.

‘बाहेर १, २ किंवा ३ इलेक्ट्रॉन असतील तर धातू’ हा ठोकताळा सोयीचा आहे, पण त्यावर एकट्यावर निकाल देऊ नका. हायड्रोजन (१), हेलिअम (२) आणि बोरॉन (३) हे तिघेही तो मोडतात. दुसऱ्या बाजूला कथिल आणि शिसे चार, बिस्मथ पाच इलेक्ट्रॉन बाळगूनही धातू आहेत.

## पायरी ७: समोर आकडा नाही, नमुना असेल तर

धातूचा तुकडा हातात आहे आणि त्यातले प्रोटॉन मोजायचे आहेत. हे खरोखर करता येते. तुकड्यावर क्ष-किरण टाकले की अणूतले सर्वांत आतले इलेक्ट्रॉन उडतात, त्यांची जागा दुसऱ्या कवचातले इलेक्ट्रॉन घेतात आणि जाताना ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकतात. ही ऊर्जा प्रोटॉनच्या संख्येशी बांधलेली असते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये हा संबंध दाखवला आणि भंगारातले मिश्रधातू ओळखणारी हातात धरायची यंत्रे आजही याच तत्त्वावर चालतात.

अशा प्रत्येक ठरावीक ऊर्जेला रेषा म्हणतात. मुख्य रेषेसाठी, म्हणजे के-अल्फासाठी, हिशेब असा: ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये घ्या, १०.२ ने भागा, वर्गमूळ काढा, एक मिळवा.

यंत्राने ८.६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट दाखवले असे धरा. ८६४० ÷ १०.२ = ८४७. वर्गमूळ २९.१. एक मिळवून ३०.१, म्हणजे ३०, जस्त. ७.४८ आले तर ७४८० ÷ १०.२ = ७३३, वर्गमूळ २७.१, अणुअंक २८, निकेल. पायरी ३ मध्ये जवळच्या पूर्णांकात ढकलू नका म्हटले होते, इथे मात्र तसे करावे लागते. कारण हे मोजमाप आहे, मोजणी नव्हे, आणि सूत्रही अदमासाचे आहे. उत्तर पूर्णांकाच्या ०.२ च्या आत आले तर विश्वास ठेवा. जड मूलद्रव्यांसाठी हे सूत्र घसरते, तिथे तयार तक्तेच वापरा.

यंत्र वापरणारे दोन ठिकाणी फसतात. लोहाची दुसरी, फिकी रेषा ७.०६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि कोबाल्टची मुख्य रेषा ६.९३ ला. भरपूर लोह असलेल्या तुकड्यात त्यामुळे नसलेला कोबाल्ट ‘सापडतो’. त्याहून वाईट जोडी शिसे आणि अर्सेनिकची: शिशाची एल-अल्फा रेषा (दुसऱ्या कवचातली रिकामी जागा भरताना निघणारी) १०.५५ ला, अर्सेनिकची के-अल्फा १०.५४ ला. एक धातू, दुसरा धातुसदृश, आणि पडद्यावर दोघांचा उंचवटा एकच. अशा वेळी एका रेषेवर नाव देऊ नका. शिसे असेल तर त्याची दुसरी रेषा १२.६ च्या आसपास दिसायलाच हवी.

तपासा: हातातल्या यंत्राला साधारण मॅग्नेशिअमच्या (१२) अलीकडचे काही दिसत नाही, कारण त्या अणूंचे क्ष-किरण इतके दुबळे असतात की वाटेतच शोषले जातात. लिथिअम आणि बेरिलिअम हे धातू नमुन्यात असूनही पडदा कोरा राहतो. ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक ठेवा. शिवाय यंत्र २६ प्रोटॉन ओळखते, तुकडा खिळ्याचा आहे की गंजाचा हे त्याला कळत नाही.

## प्रोटॉनच बदलले तर?

रासायनिक अभिक्रियेत हे घडत नाही, किरणोत्सारात घडते. अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन) बाहेर पडला की अणुअंक २ ने उतरतो. रेडिअम-२२६ (८८) हा धातू असा उत्सर्जन करून रेडॉन-२२२ (८६) होतो, म्हणजे दोन प्रोटॉन गेल्याने धातूचा निष्क्रिय वायू झाला. बीटा उत्सर्जनात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि अणुअंक १ ने चढतो: कोबाल्ट-६० (२७) पासून निकेल-६० (२८), सिझिअम-१३७ (५५) पासून बेरिअम-१३७ (५६). बीटामध्ये इलेक्ट्रॉन ‘गेला’ म्हणून १ वजा करणारे इथे चुकतात. इलेक्ट्रॉन केंद्रकातून गेला आहे, कवचातून नव्हे. मूलद्रव्याच्या नावापुढचा आकडा वस्तुमानांक असतो, हेही विसरू नका.

## सराव

उत्तरे झाकून सोडवा.

१. इलेक्ट्रॉन ३६, प्रभार +२.
२. इलेक्ट्रॉन ३६, प्रभार −१.
३. वस्तुमानांक १९७, न्यूट्रॉन ११८.
४. वस्तुमानांक १२८, न्यूट्रॉन ७६.
५. के-अल्फा रेषा ५.४१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट.
६. अणुअंक ६०.

उत्तरे:

१. ३८, स्ट्रॉन्शिअम, पाचवा आवर्त, दुसरा गण, धातू.
२. ३५, ब्रोमीन, चौथा आवर्त, सतरावा गण, अधातू.
३. ७९, सोने. ७९ − ५४ = २५ आणि २५ − १४ = ११, म्हणून सहावा आवर्त, अकरावा गण, धातू.
४. ५२, टेल्युरिअम, पाचवा आवर्त, सोळावा गण, धातुसदृश. इथे धातू लिहिले असेल तर पायरी ५ मधली यादी पुन्हा पाहा.
५. ५४१० ÷ १०.२ = ५३०, वर्गमूळ २३, अणुअंक २४, क्रोमिअम, धातू.
६. निओडिमिअम. ६० − ५४ = ६, म्हणजे बाकी ६, सहावा आवर्त, म्हणून लॅन्थॅनाइड आणि धातू. ‘गण ६’ लिहिले असेल तर चौथ्या-पाचव्या आवर्ताचा नियम सहाव्याला लावला गेला आहे.